आज किती मापं?

मित्रांनो, मी एक जुने माप आहे. तेलाच्या डब्याच्या पत्र्यापासून बनलेले, वाकड्या मुठीचे. एका खानावळीच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपाशेजारी खिळ्याला लटकून मी तीस वर्षे काढली. मी एकदा भरले की तीन माणसांचा भात होतो. एवढेच मला येते.

मालकीणबाई गेल्या त्या दिवसापासून सांगते. सकाळचे साडेसात वाजले होते. मालक दवाखान्यातून एकटेच परत आले. हातात बाईंच्या चपला होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्यांनी त्या कोपऱ्यात ठेवल्या, हात धुतले, शेगडीवर पाण्याचे मोठे पातेले चढवले आणि मागे न बघता रोजच्यासारखे विचारले, "आज किती?"

आकडा सांगायला बाई नव्हत्या. दवाखान्यात त्यांना सगळे सांगितले होते, कागदावर सहीसुद्धा घेतली होती. पण मला वाटते, त्यांना खरे कळले ते त्या क्षणी. ते पाणी आटेपर्यंत तसेच उभे राहिले.

"किती?" हा प्रश्न आमच्या घरात रोज एकदाच विचारला जायचा. शेगडी आणि गल्ला मालकांकडे. अंदाज बाईंचा. त्यात मालकांनी कधी तोंड घातले नाही.

मला घडवले ते गल्लीतल्या पत्र्याच्या कारागिराने. बाईंनी त्याला बजावले होते, की माप बरोबर तीन जणांचे हवे. त्याने पत्रा कापला, सांध्याला डाग दिला, आणि बाईंनी माझ्यातून तांदूळ घेऊन भात रांधला. मग समोरच्या छापखान्यातले तिघे जेवायला बसवले. त्यांत एक चांगला आडदांड होता. कारागीर म्हणाला, "वहिनी, ह्याला धरू नका, हा दोघांचं खातो."

"धरायचंच," बाई म्हणाल्या. "तो रोज येतो."

मग कारागिराने माझा डाग सोडवला आणि मला बोटभर उंच केले. तोवर त्यालाही भूक लागली होती. घाईत मूठ वाकडी बसली. पुढच्या आठवड्यात सरळ करून देतो, असे म्हणून तो जेवायला बसला. त्यानंतर तो रोज दुपारी यायचा, आणि बाई त्याला रोज विचारायच्या, की तुमचा आठवडा अजून संपला नाही का. मूठ वाकडीच राहिली. बाईंच्या हाताला ती तशीच सवयीची झाली.

सकाळी आठला बाई मला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहायच्या. समोर तीन मजली इमारत होती. खाली छापखाना, वर शिलाईचे कारखाने, त्याच्या वर बाहेरगावचे नोकरदार. छापखान्याचे दार पहाटेपासून उघडे दिसले की बाई एक माप जास्त घ्यायच्या. आज काम तुंबले आहे, माणसे घरी जाणार नाहीत. शिलाईवाल्यांच्या जिन्यात सायकली कमी असल्या तर एक कमी. वरच्या दोरीवर तिथे राहणाऱ्या नर्सबाईंचा गणवेश वाळत असला तर त्या रात्रपाळी करून आल्या आहेत, उशिरा जेवतील, रस्सा थोडा बाजूला ठेवायचा. मग बाई वळून आकडा सांगायच्या. चौदा. तेरा. सोळा. दुपारी तीनला पातेले घासायला जायचे तेव्हा तळाशी शीत नसायचे. गिऱ्हाईक त्यांना म्हणायचे, तुम्हाला आमची पोटं दिसतात की काय. असे कोणी म्हटले, की त्या दिवशी मला खिळ्यावर अडकवताना बाई पदराने पुसून ठेवायच्या.

मग समोरची इमारत पाडायचे ठरले. एका महिन्यात सगळे रिकामे झाले. छापखाना शहराबाहेर गेला, शिलाईवाले तीन दिशांना गेले. कारागिराचे दुकान आमच्याच रांगेत होते, तेही गेले. सामान टेंपोत चढवताना सगळे म्हणाले, जेवायला येतोच आहोत.

खिडकीसमोर बांधकामाच्या कुंपणाचा निळा पत्रा उभा राहिला. रस्ता अर्धा खणला, नवीन माणसाला खानावळ दिसेना. टेबले पुसून अर्ध्या तासात पुन्हा धूळ. खांब ठोकायचे यंत्र सुरू झाले की मी खिळ्यावर दिवसभर थरथरत राहायचे, माझी कड भिंतीला घासायची. पलीकडे जे नवे लोक राहायला आले ते फोनवरून जेवण मागवत. ते जेवण पोहोचवणारी पोरे डबे घेऊन आमच्या दारावरूनच गाड्या काढत.

बाई तरीही खिडकीत उभ्या राहायच्या. निळ्या पत्र्याकडे बघून आकडा सांगायच्या. दहा. नऊ. आणि भात उरायचा. उरलेला भात दोघे रात्री खायचे, सकाळी खायचे. एक दिवस मालक वैतागून म्हणाले, "तुझा अंदाज चुकायला लागलाय."

बाई म्हणाल्या, "माझा नाही चुकत. मला कोणी काही सांगून गेलं नाही."

त्यानंतर त्या मला खिडकीत घेऊन गेल्या नाहीत. दोन महिन्यांत अंथरुणाला खिळल्या.

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी जुनी माणसे भेटायला आली. कुठून कुठून आली. मालकांच्या मुलीने शेजारून पातेली आणली, बारा मापे भात लागला, आणि सगळा संपला. आडदांड छापखानेवाला आता काठी टेकत चालत होता. जाताना प्रत्येकाने मालकांचा हात धरून सांगितले, खानावळ बंद करू नका, आम्ही येतो.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बारा मापे घेतली. माणसे आली अकरा.

तिसऱ्या दिवशीही बारा. मुलगी कामावर जायच्या आधी मदतीला यायची. ती हळूच म्हणाली, "बाबा, चार पुरतील."

"बारा संपली होती. तू होतीस ना इथे?"

"ते आईसाठी आले होते, बाबा."

मालकांनी मला बाराव्यांदा पिंपात बुडवले. ते दाराशी जायचे, परत यायचे, टेबल सरळ करायचे, पुन्हा दाराशी. भात उरत होता आणि त्यांना बसवत नव्हते.

त्यातच कागद आला. आमची रांगही पाडणार. बदल्यात, वर पैसे भरले तर, नव्या इमारतीत जागा मिळेल, पण मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, तिथे पाटी रस्त्यावरून दिसणार नाही. घ्यायची की सोडायची, ते महिनाअखेर कळवायचे. सोडली तर खानावळ कायमची मिटणार. घेतली आणि माणसे आली नाहीत, तर दोघांनी आयुष्यभर साठवलेले सगळे त्यात जाणार. मुलगी म्हणाली, जुन्या लोकांना जाऊन विचारा. मालक चार दिवस फिरले. सगळ्यांनी सांगितले, येणार म्हणजे काय, येणारच.

शेवटी ते कारागिराकडे निघाले, तेव्हा मला पिशवीत घालून नेले. दोन बसगाड्या बदलाव्या लागल्या. कारागीर मुलाच्या घरी एका खोलीत बसून होता. त्याने मला ओळखले. मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, हत्यारे विकली, इथे डाग द्यायला शेगडी पेटवू देत नाहीत.

मालकांनी तोच प्रश्न विचारला. नवी जागा घेतली तर येणार का?

त्याने मला मालकांच्या हातात परत दिले. मग म्हणाला, "नाही, भाऊ. दोन बस मला झेपत नाहीत. वहिनींना हे तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

मालकांनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते मला घेऊन खिडकीत गेले. निळा पत्रा होता. पत्र्याच्या फटीतून खांबाचे खड्डे दिसत होते, आणि खड्ड्यांशेजारी सात-आठ मजूर डबे नसलेले, नुसतेच हात बांधून बसलेले. मालकांनी त्यांना दोनदा मोजले. पलीकडच्या दवाखान्याचा पहारेकरी, डाकवाला, दोघे रिक्षावाले, रोजचे तेवढे धरले. मग ते वळले आणि मोकळ्या स्वयंपाकघराला म्हणाले, "चार." आणि जाऊन मजुरांना सांगून आले, की जेवण तयार असेल.

त्या दुपारी एक ताटभर भात उरला. तो मालकांनी बसून खाल्ला. बऱ्याच दिवसांनी ते बसले.

मित्रांनो, मी साधे पत्र्याचे माप आहे, तुम्हाला काय शिकवणार? एकच विनवते. जिथे तुम्ही रोज जेवता, तिथून जायचे झाले तर खरे सांगून जा. येणार नसाल तर 'येतो' म्हणू नका. तुमच्या नावाचे तांदूळ कोणीतरी रोज सकाळी माझ्यासारख्या मापात घेत असते.

मुदतीला अजून अकरा दिवस आहेत. मालक रोज खिडकीत उभे राहतात. कागद फडताळात आहे, त्यावर सही झालेली नाही. अंदाज चुकला नव्हता, हे बाईंना सांगायचे राहून गेले. माझी मूठ अजून वाकडी आहे.