प्रथिनांची नाती जुळवणारा

थांबा, लगेच पान बंद करू नका. मी एक डेटाबेस बोलतोय. पडल्या ना कपाळाला आठ्या? मला सवय आहे. माझ्या दारी येणारे निम्मे लोक वाट चुकलेले असतात आणि उरलेले घाईत.

नाती जुळवणं हे माझं काम. लग्नाची नव्हे हो, प्रथिनांची. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ. ती घड्या घालून आपला एक आकार घेते. युगानुयुगं माळेतले मणी बदलत जातात. इतके, की एकाच मूळपुरुषाची दोन प्रथिनं शेजारी ठेवली तरी ओळख पटू नये. आकार मात्र टिकतो. आडनाव बदललं, गाव बदललं, तरी नाक आजोबांचंच, तसं. असे दुरावलेले भाऊबंद शोधून एका घराण्यात बसवायचे, ही माझी जन्माची चाकरी.

मला घडवलं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी. तळमजल्यावरची त्यांची खोली, खिडकीबाहेर सायकलींची रांग. पडद्यावर दोन आकार एकावर एक ठेवून त्या फिरवून फिरवून बघायच्या. कुठलं वळण खरंच जुळतंय आणि कुठलं ओढूनताणून बसवलंय, हे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी एकही जोडी माझ्यात घातली नाही. बाजूला चहा गार व्हायचा.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत साहेब आले. आकार बघायला यांना सवड नाही. यांचा एकच प्रश्न, किती टक्के बरोबर? उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय. त्यांनी एक नवा प्रोग्राम करवून घेतला, प्रथिनांची नाती चुटकीसरशी सांगणारा. त्याला शिकवायला माझी घराणी दिली, सगळीच्या सगळी. मग परीक्षा घेतली, तीही माझ्याच घराण्यांवर. शंभरात अठ्ठ्याण्णव पडले! टाळ्या वाजल्या. आता या जुन्या डेटाबेसची गरज नाही, महिनाअखेर बंद करू, असं साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी आहे. सतत शंका काढते म्हणून सगळे तिला शंकाताई म्हणतात. ती म्हणाली, "सर, तो याच प्रश्नांचा अभ्यास करून आलाय."

"मग चांगलंच की. अभ्यास केला म्हणून तर पास झाला."

घ्या. एवढ्या शहाणपणापुढे कोण काय बोलणार?

शंकाताईचा प्रबंध एका जंतूच्या प्रथिनापाशी अडला होता. त्याचा आकार नुकताच कळला होता. ते काम काय करतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने नव्या पंडिताला विचारलं. त्याने ठणकावून सांगितलं, याला कोणी नातेवाईक नाही. पोपटाला न पढवलेलं विचारलं की असंच व्हायचं.

मग ती माझ्याकडे आली. बाईंच्या रीतीने एकेका घराण्याचा आकार उघडून आपल्या प्रथिनावर ठेवत बसली. खूप निराश झाली, मान अवघडली, तरी उठली नाही. शेवटी एका घराण्यापाशी थांबली. मणी जेमतेम दहा टक्के जुळत होते, पण घडीवर घडी चपखल बसली. धातूचा कण धरून ठेवणारी मधली खाचसुद्धा नेमकी तिथेच. म्हणजे या प्रथिनाचं कामही बहुधा तेच. ती खुर्चीत मागे टेकली आणि हसली. खरं सांगतो, मला भरून आलं. कित्येक वर्षांत मला असं कुणी नीट बघितलंच नव्हतं.

तिने साहेबांना बोलावून पडदा दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा ते आकाराकडे पाहत उभे राहिले. वाटलं, आता तरी उजेड पडेल.

"छान," साहेब म्हणाले. "ही जोडीपण प्रोग्रामला शिकवून टाक. म्हणजे हेही त्याला येईल."

"आणि पुढचं अनोळखी आलं तर?"

"तेव्हा बघू."

मला बंद करायची तारीख तीच राहिली.

मला वाचवा म्हणून मी गळा काढणार नाही. गाढवाला गुळाची चव काय! फक्त एवढं ऐका, साहेब. अनोळखी प्रथिनं रोज येतायत, येतच राहणार. तुमचा पोपट छातीठोकपणे सांगेल, याला कोणी नाही. तुम्ही ते खरं मानाल. आणि ते खोटं आहे हे दाखवायला तेव्हा मी इथे नसेन.