डांबरगोळ्यांचा भुगा

मी जॅकेट बोलतोय. आठ वर्षं गप्प होतो, कारण गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बोलता येत नाही. आज बोलतोय ते रागाने. या घरानं माझ्यावर फार माया केली, आणि त्या मायेनं माझी जी गत झाली ती कुणाला तरी सांगायलाच हवी.

आधी मी कोण ते सांगतो. जॅकेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उशीसारखं फुगलेलं काहीतरी येतं. मी तसा नाही. मी पातळ आहे, नारिंगी आहे, घडी घातली तर दोन तळहातांत मावतो. ऊब देणं माझं कामच नाही. ती आतल्या लोकरी स्वेटरनं द्यायची. माझं काम बर्फ, पाणी आणि वारा बाहेर अडवायचं आणि आतल्या घामाची वाफ बाहेर सोडायचं. त्यासाठी माझ्या कापडाला आतून एक पातळ थर दिलेला आहे आणि प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे. बर्फात खेळणारा माणूस घामेजतो. वाफ आत कोंडली तर तो आपल्याच घामानं गारठतो. बाहेरचं पाणी आत आलं तर त्याहून लवकर गारठतो. दोन्ही कामं एकाच कापडानं करायची असतात. यात अर्धं पास असं काही नसतं.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात कुठल्याशा थंड देशासाठी मी शिवला गेलो. चेन ओढायच्या टोकाचा रंग चुकला एवढ्यावरून नाकारला गेलो आणि उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये धर्मेशभाईंच्या दुकानात येऊन लटकलो. तिथे माझा पहिला अपमान झाला. कुलू-मनालीला निघालेली माणसं यायची, मला चिमटीत धरायची आणि म्हणायची, "हे काय, रेनकोट?" मग शेजारचं जाडजूड, पहिल्याच बर्फात ओल्या गोधडीसारखं होणारं जॅकेट घेऊन आनंदात जायची. लोक थंडीचा कपडा भाजीसारखा वजनावर घेतात.

मग एका रविवारी श्यामकांत आले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, मोरिवलीच्या बाजूला, रंगांच्या कंपनीत ते क्वालिटी कंट्रोलचे अधिकारी होते. वय एकोणपन्नास. जानेवारीत मित्रांबरोबर उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जायचं ठरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

"वॉटरप्रूफ आहे साहेब, सौ टक्का," धर्मेशभाई म्हणाले.

"वॉटरप्रूफ तर ताडपत्रीपण असते. वाफ जाते का ते सांगा."

"आता साहेब, वाफ मी कशी दाखवू?"

"चहा मागवा. काचेच्या ग्लासात."

कटिंग आला. श्यामकांतांनी माझा खालचा काठ त्या गरम ग्लासावर ताणून रबरानं बांधला आणि वर दुसरा रिकामा ग्लास पालथा घातला. मिनिटभरात वरचा ग्लास आतून धुरकट झाला. माझ्यातून वाफ गेली होती. मग त्यांनी माझ्या कापडात खळगा करून पाणी ओतलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. खालून बोट फिरवलं. कोरडं.

"साहेब, तुम्ही बायको पण अशीच पसंत केली काय?" धर्मेशभाईंनी विचारलं.

"नाही. तिनं मला पास केलं."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. मला पहिल्यांदा कुणी नीट विचारलं होतं, तुला काय येतं.

बदलापूरला घरी आल्यावर त्यांची पत्नी, कुंदाताई, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. नवा कपडा कुंकू लावल्याशिवाय अंगावर चढवायचा नाही, ही त्यांची रीत. फुलपात्रातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी कॉलरच्या आत ओलं कुंकू टेकवलं. श्यामकांतांनी लगेच मला उलटं करून दाखवलं. "बघ कुंदा, पलीकडे उमटलं नाही. याला म्हणतात माल."

"कुंकवाचीसुद्धा टेस्ट घेता का हो?" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला चहाच्या ग्लासाची गोष्ट ऐकावी लागे. लोकांना ती आवडायचीही. पाण्याच्या खळग्याची गोष्ट येईपर्यंत मात्र पाहुण्यांचा चहा संपलेला असायचा आणि ते चपला शोधत असायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

श्यामकांतांनी मला एकदाच घातलं. नोव्हेंबरातल्या एका पहाटे खरवईच्या रस्त्याला फिरायला जाताना, सवय व्हावी म्हणून. गावातले बबन सायकलला दुधाचे कॅन लावून येत होते. पाय टेकून थांबले आणि म्हणाले, "सायेब, बरफ कुठं परला?"

"पडेल, बबन. जानेवारीत."

पुढच्या आठवड्यात श्यामकांत कंपनीत गेले आणि परत आले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत खुर्चीत बसल्या बसल्या गेले, असं घरात बोलताना ऐकलं. मी हँगरवर होतो. मला एवढंच कळलं की संध्याकाळी दार खूप वेळ उघडं होतं.

त्याबद्दल मला कुणावर रागवायचं नाही. माझा राग त्यानंतरचा आहे.

दिवसकार्य झाल्यावर श्यामकांतांची थोरली बहीण गोदूताई अंबरनाथहून आल्या आणि घरातली आवराआवर त्यांनी हातात घेतली. शर्ट वाटून टाकले. बूट वॉचमनला दिले. मला उचलून त्या म्हणाल्या, "हे नवंकोरं आहे, कुंदा. त्याची आठवण म्हणून ठेव. कुणाला देऊ नकोस." मग मूठभर डांबरगोळ्या, प्लॅस्टिकची पिशवी, घट्ट गाठ आणि कपाटाचा चौथा खण.

मला सांगा, हा कसला न्याय? जे वाईट असतं ते या घरांत रोज वापरतात. कान तुटलेल्या कपातून चहा पितात. आणि जे चांगलं असतं त्याला कोंडतात. त्याच खणात लग्नातला डिनर सेट होता, एकदाही जेवण न पाहिलेला. एक पश्मिना शाल होती, घडीवरच विरलेली. आम्ही तिघं गुन्हेगारांसारखे तिथे पडून. आमचा गुन्हा एवढाच की आम्ही चांगले होतो.

माझ्यासारख्या कापडाला वापर मारत नाही. घाला, धुवा, वाऱ्यावर वाळवा, मी टिकतो. मला मारते ती कोंडलेली दमट हवा. बदलापूरचे आठ पावसाळे त्या पिशवीत माझ्याबरोबर राहिले. आधी माझा आतला थर चिकट झाला. मग त्याला भेगा पडल्या. मग तो पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटून पिशवीच्या तळाशी साचू लागला. शिवणीवरच्या पट्ट्या सुटल्या. बाहेरून मी तसाच होतो. नारिंगी, नवाकोरा.

अधूनमधून कुंदाताई खण उघडत, पिशवीवरून हात फिरवत आणि खण लावून टाकत. गाठ त्यांनी कधी सोडली नाही. मी आतून ओरडत होतो, बाई, सोडा ती गाठ. पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठला.

या डिसेंबरात श्यामकांतांची मुलगी राजसी हिमाचलात पंधरा दिवस स्कीइंग शिकायला निघाली. वडील गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आता बावीसची, नोकरी करते. सामानाच्या यादीत माझ्यासारखंच जॅकेट लिहिलं होतं. ती मोबाईलवर जॅकेटं बघत बसली असताना कुंदाताई उठल्या, चौथा खण उघडला आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"बाबांचं आहे. बर्फासाठीच घेतलं होतं त्यांनी."

राजसीनं मोबाईल बाजूला ठेवला. मग तिनं गाठीला नखं लावली.

गाठ सुटली. मला बाहेर काढलं तेव्हा पांढरा भुगा लादीवर सांडला. तो माझा थर होता. माझी कातडी होती ती. भाचीला निरोप द्यायला आलेल्या गोदूताई सोफ्यावर बसल्या होत्या, त्यांनी खात्रीनं सांगितलं, "डांबरगोळ्यांचा भुगा आहे. झटका, निघून जाईल." आणि मला गॅलरीत नेऊन झटकलं. उरलासुरला थरही कठड्यावरून खाली गेला.

"आई, बाबांची टेस्ट करू या?" राजसी म्हणाली.

चहाचा ग्लास आला. रबर आलं. वर पालथा ग्लास आला. तो लगेच धुरकट झाला, श्यामकांतांच्या वेळेपेक्षाही लवकर. राजसी टाळ्या वाजवायला लागली. "श्वास घेतंय ना अजून."

"माझ्या भावाची निवड होती ती," गोदूताई म्हणाल्या.

मला संताप आवरेना. अहो, चाळणीतूनही वाफ जाते. वाफ लवकर गेली कारण अडवायला काही उरलंच नव्हतं. पाणी ओता. दहा मिनिटं थांबा. पण ती अर्धी गोष्ट त्या क्षणी कुणालाच आठवली नाही. तिसऱ्या दिवशी गाडी होती. शिकाऊ मुलगी बर्फात दिवसभर पडणार, उठणार, पुन्हा पडणार. तासाभरात तिचा स्वेटर भिजणार आणि वारा सुटणार. आणि ती मला काढणार नाही, कारण मी तिच्या बाबांचा. ज्याच्यासाठी मला घेतलं त्याच्याच मुलीला मी गारठवणार होतो, आणि मला तोंड नव्हतं.

राजसीनं मला अंगात घालायला घेतलं, तशी ती थांबली. "कुंकू राहिलं. मी पहिल्यांदा घालतेय."

गोदूताई लगबगीनं उठल्या आणि देवघरातून करंडा घेऊन आल्या. "दे इकडे, मी लावते."

"आई लावेल, आत्या."

"अगं, तू चांगल्या कामाला निघालीस. मी आहे ना इथे." त्यांनी करंडा जरा जवळ घेतला. कुंदाताई जागच्या हलल्या नाहीत. आठ वर्षांत त्या करंड्याला त्यांनी हात लावलेला नव्हता. कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि लाव असंही म्हटलं नव्हतं.

"बाबांच्या वेळी आईनंच लावलं होतं," राजसी म्हणाली. "मला आईच्या हातचं पाहिजे. नाहीतर राहू दे."

"आजकालच्या मुली," असं काहीतरी पुटपुटत गोदूताईंनी करंडा टेबलावर ठेवला. हातात दिला नाही. टेबलावर ठेवला.

कुंदाताईंनी तो उघडला. फुलपात्रात बोट बुडवलं, कुंकू घेतलं आणि कॉलरच्या आत, आठ वर्षांपूर्वीच्याच जागी टेकवलं. मग बहुधा सवयीनं, मला उलटं केलं.

बाहेरच्या नारिंगी कापडावर लाल ठिपका उमटला होता. त्या बघत असतानाच तो पसरून आठ आण्याएवढा झाला.

कुंदाताईंनी मला पुन्हा उलटलं. त्यांनी आत नखानं खरवडलं. पांढरा पापुद्रा बोटावर आला. तो त्यांनी नाकाशी नेला.

"हा गोळ्यांचा भुगा नाही, वन्सं."

"मग कसला असणार?"

"डांबरगोळी हवेत उडून जाते. तिचा भुगा उरत नाही. हे नेहमी सांगायचे." त्यांनी पापुद्रा चिमटीत चुरला. "हे जॅकेटच सुटलंय."

"चालेल गं आई," राजसी म्हणाली. "थोडं पाणी आलं तर आलं. मला हेच न्यायचंय."

"नाही न्यायचं."

"आई, बाबांचं आहे."

"म्हणून तर. तुझ्या बाबांनी हे रिजेक्ट केलं असतं."

राजसी रडली. कुंदाताई रडल्या नाहीत. मी तर म्हणेन, त्या घरात आठ वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा श्यामकांतांसारखं वागलं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मला घेऊनच कॅम्प एकला गेल्या. धर्मेशभाईंचे केस पिकले होते. त्यांनी मला आतून बाहेरून चाचपलं. "भाभी, हे घातलंच नाही काय?"

"नाही."

"तभी तो. घालून जुनं झालं असतं ना, तर अजून चार वर्षं चाललं असतं." मग विषय बदलायला म्हणून, "बसा. चहा मागवू?"

"मागवा," कुंदाताई म्हणाल्या. "काचेच्या ग्लासात. आणि तांब्याभर पाणीपण."

तीन जॅकेटं नापास झाली. एक वाफेला, दोन पाण्याला. चौथं, गडद निळं, पास झालं. दहा मिनिटं पूर्ण होईपर्यंत कुंदाताईंनी घड्याळावरची नजर हलवली नाही. घरी त्याला कुंकू लावलं तेव्हा ते पलीकडे उमटलं नाही. मला त्याचा हेवा वाटला, पण मी त्याला काही बोललो नाही. त्याला जायचं होतं.

गोदूताई परत जायला निघाल्या तेव्हा मला घडी घालू लागल्या. "आठवण म्हणून ठेव हो, कुंदा. पिशवी कुठे आहे?" कुंदाताईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलं.

आता मी तिथेच असतो. पावसाला नालायक, बर्फाला नालायक. वारा मात्र अजून थोडा अडवतो. म्हणून सांगतो, तुमच्याही घरात असा चौथा खण असेल. गेलेल्या माणसाचं जे काही त्यात असेल ते बाहेर काढा. फाटू द्या, मळू द्या, कुणाच्या तरी अंगावर जुनं होऊ द्या. त्या माणसानं ते तुमच्या कपाटासाठी आणलं नव्हतं.

काल पहाटे गारवा होता. कुंदाताईंनी मला काढलं, साडीवरून घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि खरवईच्या रस्त्याला लागल्या. अंगाला पापुद्रे लागत होते, ते त्या चालता चालता झटकत होत्या. चढावर त्यांना घाम आला. माझ्या आयुष्यातला तो दुसराच घाम.

बबन समोरून आले. आता त्यांच्याकडे मोटारसायकल आहे. नारिंगी रंग पाहून त्यांनी गाडी थांबवली, मला ओळखलं, आणि क्षणभर बोलावं की नाही अशा विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "ताय, बरफ कुठं परला?"

"हिमाचलात," कुंदाताई म्हणाल्या. "पोरगी तिथंच आहे."

आणि त्या पुढे चालू लागल्या.