सातव्या फेरीचा रिकामा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. एवढे म्हटले की लोक लगेच मान वाकडी करून "अरेरे" म्हणतात. तसे म्हणू नका. माझ्या पकडीचे रबर सुटले आहे आणि जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने ते धरून ठेवले आहे. माझा मूळ पट्टा तुटला, त्या जागी शाळेच्या दप्तराचा बंद आला आहे. हे सगळे खरे. पण मी निवृत्त झालेलो नाही आणि मला कपाटात बसायचे नाही. माझी हकीकत ऐका, मग माझे काय करायचे ते ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटातले घड्याळ तीन वेळा तपासले आणि ती मला म्हणाली, "चित्र हललं तर हलू दे बाबा, वेळ चुकवू नकोस." मला राग आला होता. कॅमेऱ्याला कुणी असा आशीर्वाद देते का? पण तेव्हापासून मी प्रत्येक फोटोसोबत तो काढल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदवून ठेवतो. कुणी विचारत नाही, तरी ठेवतो.

पुढे मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आलो. तिथल्या छायाचित्रकाराच्या गळ्यात मी सहा वर्षे मिरवलो. माझे फोटो पहिल्या पानावर यायचे आणि मी भलताच शेफारलो होतो. मग तो छायाचित्रकार निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणालाच घेतले नाही. क्रीडा पानाच्या साहेबांनी मला उचलून वार्ताहर बाईंच्या टेबलावर ठेवले.

"आजपासून सामन्याचे फोटोही तुम्हीच काढायचे."

"मग लिहू कधी?" बाईंनी विचारले.

"फोटो काढून झाल्यावर."

"आणि फोटो कधी काढू?"

"लिहून झाल्यावर," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

बाई एकोणीस वर्षे खेळांच्या बातम्या लिहीत होत्या, पण त्यांनी कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. पहिल्या सामन्यात आम्ही गोल सोडून बाकी सगळे टिपले. गोल झाला तेव्हा बाई वहीत मान घालून मागच्या गोलाचे वर्णन लिहीत होत्या. फोटोंमध्ये पाय होते, पाठी होत्या आणि एक सुंदर कोपऱ्याचा झेंडा होता. मैदानाच्या कडेला लांब पांढऱ्या भिंगांचे छायाचित्रकार बसत. ती भिंगे नाकाने कांदे सोलणारी. त्यांचे मालक हसून म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

मला फार झोंबायचे. पण बाई हट्टी होत्या. त्यांनी एक पद्धत बसवली. दोन्ही हात माझ्यावर असले की लिहिता येत नाही, म्हणून त्या माझ्याकडूनच टिपणे काढून घेऊ लागल्या. खेळाडूंच्या पाठीवरचे क्रमांक, गुणफलक, पंचाचा उंचावलेला हात, असे कुणालाही न आवडणारे फोटो. दातांत धरलेले पेन, काखेत वही आणि डोळ्याला मी. घरी जाऊन त्या फोटो बघत बघत बातमी लिहीत. ते फोटो कधी छापून येत नसत. तरी खरे सांगतो, पहिल्या पानावरच्या दिवसांपेक्षा मला हे काम जास्त आवडू लागले.

आता त्या शर्यतीकडे येतो. दहा फेऱ्यांची लांब शर्यत होती, बायकांची. पहिल्या तिघींची नावे मोठ्या स्पर्धेसाठी जाणार होती. धावणाऱ्यांत एक टपालवाली होती. रोज सायकल न वापरता पायी टपाल वाटणारी, म्हणून सगळे तिला टपालवालीच म्हणत. वयाच्या अटीमुळे हे तिचे शेवटचे वर्ष होते. तिच्या सासूबाई तिची टपालाची पिशवी खांद्याला लावून कठड्यापाशी उभ्या होत्या आणि प्रत्येक फेरीला ओरडत होत्या, "खांदे सोड गं! खांदे सोड!"

लांब भिंगवाल्यांनी सुरुवातीचे फोटो काढले आणि ते सावलीत जाऊन बसले. बाई मात्र रेषेपाशी उभ्या राहिल्या. दर फेरीला पुढच्या पाच जणी रेषा ओलांडताना त्या एकेकीचा फोटो काढत होत्या. टपालवाली तिसरी होती, दुसरीच्या बरीच मागे आणि चौथीच्या थोडी पुढे. सहा फेऱ्या अशा झाल्या. सातव्या फेरीला बाईंना टपालवालीवर एक छान वाक्य सुचले. वाक्य निसटू नये म्हणून त्यांनी मला छातीवर सोडले, तोंडातले पेन काढले आणि त्या लिहू लागल्या. पाचही जणी माझ्यासमोरून गेल्या आणि मी खाली लोंबकळत गवत बघत राहिलो.

टपालवाली तिसरी आली आणि गुडघ्यांवर हात ठेवून थांबली. तेवढ्यात फेऱ्या मोजणारे काका कागद हलवत धावत आले. "थांबलीस कशाला? तुझी एक फेरी राहिलीय!"

"नाही काका, झाल्या दहा."

"माझ्याकडे नऊच खुणा आहेत."

वाद चालू असताना चौथी आली आणि तिला तिसरी ठरवले गेले. टपालवालीच्या नावापुढे "शर्यत अपुरी" असे लिहिले. सासूबाई पिशवीसकट कठडा ओलांडून आत आल्या. "माझी सून दारं मोजून टपाल टाकते. एक दार चुकत नाही तिचं. ती दहा म्हणाली म्हणजे दहा!"

बाई पुढे झाल्या. "माझ्याकडे प्रत्येक फेरीचे फोटो आहेत," त्या ठामपणे म्हणाल्या. संघटनेचे चिटणीस, बाई आणि टपालवाली पंचांच्या तंबूत माझ्या छोट्या पडद्यावर वाकले. एक, दोन, तीन... फोटो मोजले गेले. टपालवालीचे फोटो भरले नऊ.

चिटणीस हसले. "बाई, तुमचा कॅमेराही नऊच म्हणतोय की!"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा हवी होती. टपालवालीने बाईंकडे नुसते पाहिले. मग ती खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली, ते जास्त लागले. बाईंचा चेहरा उतरला. आपण मदत करायला गेलो आणि तिच्याविरुद्ध साक्ष देऊन बसलो, हे त्यांना कळले. मलाही कळले. मी खोटे बोललो नव्हतो, पण माझ्याच खरेपणाने तिचा गळा धरला होता.

कचेरीत आल्यावर बाईंनी फोटो संगणकावर उघडले आणि वही शेजारी ठेवली. वहीत ते छान वाक्य होते. त्यांनी ते वाचले आणि त्या ताठ बसल्या. हे लिहिले कधी? मग त्यांनी पहिल्या आलेल्या मुलीचे फोटो मोजले. तेही नऊच! तिला तर दहा फेऱ्यांचे सुवर्णपदक मिळाले होते. दुसरीचेही नऊ. मग माझ्या पोटातल्या वेळा पाहिल्या. टपालवालीची प्रत्येक फेरी एक मिनिट चोवीस-पंचवीस सेकंदांची होती. फक्त सहाव्या आणि त्यानंतरच्या फोटोंमध्ये दोन मिनिटे एकोणपन्नास सेकंद गेले होते. पाचही जणींचे तसेच, त्या एकाच जागी. फेरी टपालवालीने गाळली नव्हती. फोटो बाईंनी गाळला होता. हातमोजेवाल्या बाई, तुमचा आशीर्वाद त्या दिवशी कामी आला.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांपुढे संघटनेने पाठवलेला फोटो होता, तीन पदकवाल्या हसतमुख मुलींचा. "हा लावू. सुबक आहे."

"सुबक आहे, पण तिसरी चुकीची आहे. मला माझे नऊ फोटो ओळीने छापायचेत, वेळांसकट. आणि सातव्या जागी रिकामा चौकोन."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "रिकामा? आणि खाली काय लिहिणार?"

"मी फोटो काढला नाही, असं."

"अहो, हे हात दाखवून अवलक्षण झालं! झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ-नऊ फोटोंत कोण मोजत बसतंय?"

"ती मोजते साहेब. दारं मोजून टपाल टाकते ती. चौकोन काढायचा असेल, तर बातमीवरचं माझं नावही काढा."

साहेबांनी सुबक फोटो बाजूला सारला. "जागा दिली. पण तो कॅमेरा बदला एकदाचा."

दुसऱ्या दिवशी पान आले. नऊ कंटाळवाणे फोटो, मधे एक पांढरा चौकोन आणि त्याखाली दोन ओळी: "सातवी फेरी. या वेळी मी वहीत लिहीत होते. चूक माझी आहे, धावणारीची नाही."

कचेरी उघडते न उघडते तोच फेऱ्या मोजणारे काका दारात उभे. हातात घडी घातलेले तेच पान. त्यांनी खुर्चीही घेतली नाही.

"सातव्या फेरीला मी चष्मा पुसत होतो," ते म्हणाले. "घाम आला होता. बाकीच्या खुणा मी शेजारच्याला विचारून केल्या, तिची विचारायची राहिली. कालच माहीत होतं मला. तीस वर्षं मोजतोय, म्हणून तोंड उघडेना. तुमचा हा चौकोन बघितला आणि चहा तसाच टाकून इकडे आलो."

बाईंनी मला गळ्यात अडकवले आणि दोघे संघटनेच्या कचेरीत गेले. चिटणिसांनी आधी नियम सांगितले, मग कारणे सांगितली आणि शेवटी निकाल बदलला. चौथ्या मुलीने पदक स्वतः आणून दिले. ती म्हणाली, "माझ्यापुढे शेवटपर्यंत एक पाठ होती. मी ती पाहिली होती. पण मला कुणी विचारलंच नाही." सासूबाईंनी त्या मुलीला जवळ घेतले आणि काकांना मात्र दोन शब्द सुनावलेच.

आता कचेरीत नवा हुकूम निघाला आहे: वार्ताहरांनी फोटो काढू नयेत, संघटनेचे फोटो येतात तेवढे पुरे. बाईंनी तो कागद वाचला आणि माझ्या भिंगाखाली घडी करून ठेवला, मी टेबलावर डुगडुगू नये म्हणून.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर अशी घ्या. भिंग मऊ फडक्याने पुसा, शर्टाच्या टोकाने नाही. घड्याळ बरोबर लावा. मला काचेच्या कपाटात ठेवून फुलांचा हार घालू नका. आणि माझ्याकडून किंवा तुमच्याकडून एखादी फेरी निसटली, तर त्या जागी दुसरा छान फोटो चिकटवू नका. जागा रिकामी ठेवा आणि खाली आपले नाव लिहा.

उद्या सकाळी पुन्हा शर्यत आहे. बाई येतील, पेन दातांत धरतील आणि मला डोळ्याला लावतील. तेव्हा जरा बाजूला उभे राहा, मला रेषा दिसली पाहिजे.