आजीचा कप्तान

"जमिनीखाली माणूस असेल तर माझी तार त्याला सोडत नाही," असं इमोजीन रॅट्लिफ चारचौघांत छातीठोक सांगायची. तार म्हणजे कपडे टांगायच्या हँगरची. दोन तारा काटकोनात वाकवायच्या, दोन मुठींत सैल धरायच्या आणि रानात चालत सुटायचं. तारांची फुली झाली की पायाखाली पूर्वज! टेनेसीच्या डोंगरांत ज्याच्या त्याच्या शेताच्या कडेला घरची थडगी असतातच, त्यामुळे फुली बरेचदा लागूही पडायची. एकदा फुलीखाली शेजाऱ्याचा पाण्याचा पाइप निघाला. पण तो थडग्यावरूनच नेलाय, असं इमोजीनचं ठाम मत पडलं.

या खेपेला मात्र कुणी साधासुधा पूर्वज चालणार नव्हता. गावात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या वंशज बायकांचं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्षीण प्रुडन्स ऑल्ड्रिजबाई. त्यांनी एकदा केक कापता कापता इमोजीनला विचारलं होतं, "तुमची माणसं मूळची कोण हो? म्हणजे... होती का कुणी?" तेव्हापासून इमोजीनला घास गोड लागेना. मरण्याआधी त्या मंडळात शिरायचंच, असा तिनं पणच केला. त्यासाठी एक लढवय्या पूर्वज आणि त्याचं थडगं लागत होतं. लढवय्या तिच्याकडे होता. आजीचा कप्तान.

चार वर्षांची होईपर्यंत इमोजीन आजीच्या शेतावर वाढली, मग आईबाप शहरात गेले. पण आजीचं रोजचं वाक्य तिच्या कानात पक्कं बसलं होतं: "जरा कप्तानाला भेटून येते गं." न्याहारी झाली की आजी कोठाराच्या मागं निघायची. पाऊस असो, बर्फ असो, खंड नाही. हातात जुना पेपर, कप्तानाला वाचून दाखवायला. परत येताना पेपर नसायचा, म्हणजे तिथं वाहून यायची. कच्च्या सफरचंदांच्या दिवसांत तर तिला कप्तानाची अशी ओढ लागायची की बिचारी धावत सुटायची. लहान पोरांना तिकडं फिरकू देत नसत.

"केवढा तो आदर!" इमोजीन डोळे टिपत सांगायची.

कागदपत्रं? ती कोर्टाच्या आगीत गेली. या भागातले सगळे कप्तान आणि कर्नल त्याच आगीत गेलेत. दारू गाळणारे आणि घोडेचोर तेवढे बचावले.

"आधी झेल्मामावशीला विचारूया का?" होबर्ट म्हणाला. होबर्ट म्हणजे इमोजीनचा नवरा. सापांसाठी कुदळ आणि स्वतःसाठी सँडविचचा डबा घेऊन तो तिच्या मागं मागं चालायचा. झेल्मामावशी ही आजीचं शेंडेफळ, आता नव्वदीच्या पुढची.

"मावशीला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही," इमोजीन फणकारली. "आणि गेलं की पहिला प्रश्न, आणखी जाड झालीस का गं? तू गप चल."

पडक्या कोठाराच्या मागं गुलखैरा उंच वाढला होता. तिथं तारा अशा झपकन फिरल्या की एक तिच्या नाकावरच बसली. पायाखाली खळगे होते. चौकोनी, खचलेले, एका ओळीत सहा.

"अख्खं घराणं!" इमोजीननं नाक चोळत किंकाळी मारली. "आणि हा रुंद बघ. कप्तान आणि त्याची बायको, शेजारी शेजारी. मेल्यावरसुद्धा संगत सोडली नाही."

"गवत काय माजलंय इथं," होबर्ट म्हणाला.

"थोरामोठ्यांच्या मातीला कस असतो."

ती माती तिनं दोन बरण्यांत भरली. एक स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवली, दुसरी रेशमी फीत बांधून ऑल्ड्रिजबाईंना दिली. बाईंनी ती पियानोवर ठेवली.

मे महिन्यात, थडग्यांवर फुलं वाहायच्या रविवारी, सगळं मंडळ टोप्या घालून कोठाराच्या मागं जमलं. पितळी फलक आला, बिगुलवाला आला, साप्ताहिकाचा फोटोग्राफर आला. कप्तानाच्या कुळातलं एखादं म्हातारं माणूस फोटोत हवं, असा ऑल्ड्रिजबाईंनी हट्ट धरला, म्हणून होबर्टनं झेल्मामावशीला चाकाच्या खुर्चीतून आणलं.

बिगुल थांबल्यावर ऑल्ड्रिजबाई मावशीच्या कानाशी वाकल्या. "आजी, तुम्हाला कप्तान आठवतो?"

"न आठवायला काय झालं? रोज सकाळी बसायचे की मी."

"त्याच्याजवळ?"

"त्याच्यावर."

बायकांच्या टोप्या एकमेकींकडे वळल्या. इमोजीन घाईनं पुढं झाली. "मावशी, कप्तान गं! तुझी आई ज्याला भेटायला जायची तो!"

"अगं, तोच तो. आमचा संडास!" मावशी खणखणीत आवाजात म्हणाली. "बाबा म्हणायचे, याच्यासमोर गव्हर्नर आला तरी त्याला विजार उतरवावी लागते, म्हणून हा कप्तान. भरला की शेजारी नवा खड्डा. हा रुंद आहे ना, तो शेवटचा. दोघांचा होता. मी आणि माझी बहीण एकदमच बसायचो. इमो, तुझीच आई की गं ती!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. इमोजीनचा चेहरा बिटासारखा झाला. "तार खोटं बोलत नाही!" ती ओरडली. "मावशीला भ्रम होतो."

ऑल्ड्रिजबाईंच्या घरी ती मातीची बरणी अजून पियानोवरच होती. तेव्हा भ्रम होतो हेच त्यांनाही पटलं. "वयाचा दोष," असं म्हणून त्यांनी फलक छातीशी धरला आणि तो रोवायला रुंद खळग्यावर पाऊल टाकलं.

"तिथं नको उभी राहूस, बाई," मावशी म्हणाली. "वर नुसत्या फळ्या टाकून माती लोटलीय."

फळ्या मोडल्या. बाई कमरेपर्यंत आत गेल्या. टोपी तेवढी सरळ राहिली. त्यांना काढायला शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आणावा लागला.

मंडळानं इमोजीनचा अर्ज परत पाठवला, सोबत फीत बांधलेली बरणीही. साप्ताहिकात फोटो आला, तो ट्रॅक्टर यायच्या आधीचा. त्याखालची ओळ मात्र शनिवारीच जुळवून ठेवली होती, ती बदलायची राहिली: "ऑल्ड्रिजबाईंनी घेतली कप्तानाची भेट."