शांतादेवीच्या हौदावरचा आळ

मला ताप आला की साऱ्या गल्लीला कळतं. मी कण्हत न्हाई, भांडते. यंदा भादव्यात हुडहुडी भरली तशी गोधडी गुंडाळून थेट शांतादेवीच्या ओट्यापुढं उभी राहिले. तलवाड्यात आमच्या गल्लीला नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून या किराणावालीनं अंगणात मोठा हौद बांधलाय. अर्धी गल्ली त्यातलं पाणी नेते. मी न्हाई नेत.

"तुझ्या हौदाचा डास चावला मला," मी म्हटलं.

"मुक्ताबाई, हौदात गप्पी मासे हायत. डासाची अळी दिसली की गिळतात."

"तुझेच मासे ते. खाऊन सुस्त पडले असतील."

रक्तात हिवताप निघाला. मग मी ऐकते काय! हौद बुजवायचा ठरावच मांडायला लावला. शांतादेवीचं तोंड एवढंसं झालं. सरपंच म्हणाले, "सोमवारच्या ग्रामसभेत निकाल लावू."

हिवतापावर संशोधन करणारी प्रियदर्शनी बीडहून येते. तिनं बोट टोचून कागदावर रक्ताचा थेंब घेतला. मी म्हटलं, "जंतू शांतादेवीच्या हौदाचा हाय, लिहून घे."

"आजी, जंतूलाही कुळी असते. ती त्याच्या जनुकांत लिहिलेली असते, आम्ही फक्त वाचतो."

हे मला लई पटलं. सोयरीक जुळवताना मी सात पिढ्या उकरते, मग या जंतूच्या कशाला सोडायच्या? "उकर," म्हटलं, "पक्की उकर."

सोमवारी सकाळी ती आली आणि आधी दार लोटून घेतलं.

"गेल्या साली तुम्हाला ताप आला होता, तो थेंब आम्ही जपून ठेवलाय. दोन्ही ताडून पाहिले. कुळी एकच. डासानं दुसऱ्या कुणाकडून आणला असता तर वेगळी निघाली असती. हा वर्षभर तुमच्याच यकृतात झोपला होता. आजी, चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या ना?"

मी वर आढ्याकडं बघितलं. गेल्या साली गोळ्यांच्या पाचव्याच दिवशी घट बसले. मला नऊ दिवसांचा उपवास, अन् गोळी उपाशीपोटी घ्यायची न्हाई. देवीला काय थांब म्हणू? उरलेल्या गोळ्या तुळशीच्या मातीत दाबल्या अन् या पोरीला रिकामं पाकीट दाखवलं. यंदाही ताप उतरला तशा चौथ्या दिवशी सोडल्या होत्या.

"आता पहिल्यापासून चौदा," ती म्हणाली. "बाकी, रक्त तुमचं, कागद तुमचा. सभेत सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा."

गप्प बसले असते तर हौद बुजला असता अन् माझं नाक वर राहिलं असतं. खोटं कशाला बोलू, दुपारपर्यंत तेच मनात घोळत होतं. पण सभेत शांतादेवी पदराचं टोक पिळत बसलेली दिसली, अन् मला बसवेना.

"ठराव मागं घ्या," मी उठून म्हटलं. "जंतू माझाच हाय. गोळ्या मीच टाकल्या. लई घरंदाज निघाला, वर्षभर उंबरा वलांडला न्हाई त्यानं."

सभा खो-खो हसली. शांतादेवी न्हाई हसली.

"अन् माझ्या माशांचं काय?"

"मासे गुणी हायत," मी दात आवळून म्हटलं.

"तेवढ्यानं भागत न्हाई. चौदा दिवस माझ्या ओट्यावर जेवायचं, अन् गोळी माझ्यादेखत गिळायची."

आज नववा दिवस. तिची आमटी मिळमिळीत असते, ते मी रोज सांगते. काल चिडून म्हणाली, "मग उद्या तुमीच करा!"

आमटीच्या येसर मसाल्याचा डबा काखेत मारून निघालेय. जंतू मरेल तेव्हा मरेल, आधी तिची आमटी सुधारते.