इस्त्रीच्या टेबलावरचा डाग

“आई, अगं जुनं कापड कुठंय?”

लिझेलॉट स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. आपल्या प्रदर्शनासाठी आईचं इस्त्रीचं टेबल न्यायला ती गाडी घेऊन आली होती. टेबल मधोमध उभं होतं. पाय घासून लखलखीत केलेले, वर कोरं करकरीत पांढरं कापड ताणून बसवलेलं.

“टाकलं,” गोदेलीव्ह म्हणाली. “मंगळवारी कचऱ्याच्या गाडीत गेलं. चार लोकांत मांडणार म्हणालीस ना? मग जळकं, पिवळं पडलेलं कसं देऊ? म्हणतील, काय बाई आहे!”

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या त्या गल्लीत बायका दर शनिवारी उंबरठे घासतात आणि घासताना शेजारणीच्या उंबरठ्याकडे बघतात. गोदेलीव्हचा उंबरठा कधी कुणाला नाव ठेवायला सापडला नव्हता.

“अगं, तो डागच तर मांडायचा होता!”

गोदेलीव्हने नव्या कापडाची कड उगाच ओढून सरळ केली.

एकोणतीस वर्षांपूर्वी ती लोकांचे सदरे इस्त्रीला घ्यायची. एका सकाळी बंदरावरून फोन आला. तिच्या नवऱ्यावर, विल्फ्रीडवर माल कोसळला होता. ती परत आली तेव्हा इस्त्री सदऱ्यावर तशीच पालथी होती. सदरा जळाला, खालचं कापड जळालं. त्या कापडावर तिने दुसरं कापड घातलं आणि आयुष्यभर त्यावरच इस्त्री केली. खालचं काढलं नाही, कुणाला दाखवलंही नाही.

“तुला कुणी सांगितलं त्याचं?”

“सांगायला कशाला हवं? तू दुकानात गेलीस की मी वरचं उचलून बघायचे. रोज. पाच वर्षांची होते मी.”

 गोदेलीव्हला वाटत होतं, तो डाग तिच्या एकटीचा आहे.

“दहा वर्षं कॅफेत कपबशा उचलतेय मी, आई. पहिल्यांदा कुणी अख्खी खोली दिलीय. पुस्तिका छापून झाल्यात, त्यात सगळं लिहिलंय, बाबांचं, त्या दिवसाचं.” लिझेलॉटचा आवाज खाली आला. “पुन्हा कर ना.”

“काय?”

“डाग.”

“तूच कर की. इस्त्री तिथं आहे.”

“माझ्या हातून खोटा होईल गं.”

गोदेलीव्हने लेकीकडे पाहिलं. चौतिसाव्या वर्षीही रडू आवरताना तिची हनुवटी लहानपणीसारखीच थरथरायची. गोदेलीव्हने इस्त्री तापवली आणि पांढऱ्या कापडावर टेकवली. हात आपोआप पुढे सरकू पाहत होता. चाळीस वर्षांची सवय. तिने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. धूर आला.

“अजून थोडा. तो जास्त काळा होता,” लिझेलॉट म्हणाली.

तिने अजून थोडा वेळ धरला.

शुक्रवारी टेबल मोठ्या पांढऱ्या खोलीत एकटंच उभं होतं. वरून दिवा. लोक हातात वाइन घेऊन त्याच्याभोवती हलक्या पावलांनी फिरत होते, चर्चमध्ये फिरावं तसे. वर्तमानपत्रातली एक बाई वही घेऊन गोदेलीव्हजवळ आली.

“तुम्ही आई ना? बाई, विचारू का? हाच तो डाग? त्याच सकाळचा?”

चार पावलांवर लिझेलॉट उभी होती. तिचा पेला ओठांशी जाऊन तसाच थांबला होता.

“हो,” गोदेलीव्ह म्हणाली. “हाच.”

“काय वाटलं हो तेव्हा?”

गोदेलीव्हने विचार केला. “जळका वास आला,” ती म्हणाली.

“किती खरं!” बाई म्हणाली आणि तिने लिहून घेतलं.

लिझेलॉटने येऊन आईचा दंड घट्ट धरला.  मग कुणीतरी हाक मारली आणि तिला जावं लागलं.

परतताना ट्राममध्ये गोदेलीव्हने डोळे मिटले आणि जुना डाग आठवायला घेतला. त्याचं टोक खिडकीकडे होतं की दाराकडे? एका कडेला कापड झिजून भोक पडलं होतं का? तिने तो जळलेला सदरा आठवून पाहिला, फोनची घंटा आठवून पाहिली, मनातल्या मनात पुन्हा टेबलाकडे वळून पाहिलं. दर वेळी नवाच डाग समोर यायचा. दिव्याखालचा, ठळक, नीट कडांचा.