एका चेहऱ्यावरच्या दोघी बहिणी

दोन हजार चार सालच्या द्राक्षाच्या हंगामात येडगाव धरणाच्या रस्त्याला दर गुरुवारी जिपांची रांग लागायची. धरण बघायला कुणी येत नव्हतं. रस्त्याकडेच्या एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये उजळामाई नावाची बाई बायकांचे चेहरे उजळून देत होती. जिथं पूर्वी कोंबड्या बसायच्या, तिथं आता तेवढ्याच दाटीनं बायका बसायच्या. दारात भज्यांची गाडी, नारळाचं दुकान आणि चपला राखणारा माणूस अशी सगळी सोय आपोआप झाली होती. आपल्याकडे शाळेला वर्ग मिळत नाही, पण बाबा आणि माईंना पत्रा, खुर्ची आणि लाउडस्पीकर आठवड्यात मिळतो.

डिंपल त्या गर्दीत गेली ती मैत्रिणीच्या हट्टापायी. आळे गावातल्या मेडिकलवाल्या पोपटलाल शेठची ही मुलगी. फार्मसीचा डिप्लोमा नुकताच संपवून ती वडिलांच्या दुकानात उभी राहायला लागली होती. मैत्रीण म्हणजे स्नेहल. दोघी दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. स्नेहल द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला जायची आणि वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं.

स्नेहलचं दुखणं साधं होतं. कपाळ, नाक आणि हनुवटी दुपारपर्यंत तेलानं चकाकायची, हनुवटीवर चार पुटकुळ्या यायच्या आणि गाल मात्र कोरडे पडून ओढल्यासारखे व्हायचे. डिंपलनं तिला सांगितलं होतं, "मिश्र त्वचा म्हणतात याला. लाखो बायकांना असते. सौम्य साबणानं दोन वेळा तोंड धू, घासू नकोस. गालांना थोडं क्रीम लाव, नाकाला अगदी हलकं. उन्हात जाताना तोंड झाक. दीड-दोन महिने नेमानं कर."

"एवढंच?" स्नेहलचं तोंड पडलं होतं. ज्याला नाव नाही, नारळ नाही आणि गुरुवार नाही, ते औषध कसलं!

उजळामाईकडे हे सगळं होतं. पिवळं पातळ, कपाळभर कुंकू आणि तोंडावर पावडरीचा जाड थर. स्नेहलला पुढं बोलावून माईनं तिची हनुवटी वर उचलली आणि माईकमध्ये हुंकार भरला.

"पोरी, तुझ्या एका तोंडावर दोघी राहत्यात. वर हाय ओली, गालावर हाय कोरडी. सख्ख्या बहिणी, पन जल्माच्या वैरिणी. ओली म्हनती माझं राज, कोरडी म्हनती माझं. त्यांच्या भांडनात तुझं रूप करपतंय. बोला उजळामाई की!"

"जय!" शेड दणाणलं.

माईचा चेला कुंडलिक लाल कापडात गुंडाळलेला पातळ कागद घेऊन पुढं आला. धूप फिरवून झाल्यावर माईनं कागद स्नेहलच्या कपाळावर दाबला, मग नाकावर, मग गालावर आणि उजेडाकडे धरला. कपाळाच्या आणि नाकाच्या जागी कागद आरपार दिसायला लागला होता. गालाची जागा कोरी पांढरी होती.

"दिसली का ओली? कागदात उतरलीया!"

बायकांनी तोंडावर पदर घेतले. स्नेहलची आई झुंबरबाई रडायलाच लागली. मग लेप निघाला, चंदनाच्या वासाचा, छोट्या डबीतला. सात दिवस रात्री लावायचा, डबी संपली की गुरुवारी नवी न्यायची, दुसरं काही लावायचं नाही, एकही दिवस चुकवायचा नाही.

"चुकवला तर?" डिंपलनं विचारलं.

माईनं तिच्याकडे पाहिलं. "चुकवला तर दोघी खवळत्यात. तू कोन गं?"

"मैत्रीण आहे."

"लगीन ठरलेल्या पोरीसंगं बिनलग्नाची मैत्रीण," माई माईकवर म्हणाली. सगळ्या बायका डिंपलकडे वळून पाहायला लागल्या.

सात दिवसांनी डिंपलची खरी पंचाईत झाली, कारण स्नेहलचा चेहरा खरोखर उजळला. पुटकुळ्या गेल्या, रंग उघडला. एका बाजूला भोंदूपणा धडधडीत दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला गुण दिसत होता. पॅकिंग शेडमधल्या निम्म्या पोरी पुढच्या गुरुवारी जीपमध्ये बसल्या. डिंपल गप्प बसली. या गप्प बसण्याचा तिला पुढं फार राग आला.

महिन्याभरानं परदेशी जाणाऱ्या मालाची घाई आली आणि स्नेहलचा एक गुरुवार चुकला. डबी संपली. चौथ्या दिवशी झुंबरबाई तिला हाताला धरून दुकानात घेऊन आली. ओढणी बाजूला केली तेव्हा डिंपल काऊंटरमागून बाहेर आली. चेहरा लालबुंद, सुजलेला. गालांची कातडी इतकी पातळ झालेली, की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. हनुवटीवर पुटकुळ्यांचा थर. स्नेहलला वाराही सोसत नव्हता.

"बघ तुझ्या नजरेनं काय झालं!" झुंबरबाई रस्त्यावर ऐकू जाईल अशी ओरडली. "माई बोलल्या व्हत्या. तुझीच दिष्ट लागली माझ्या पोरीला. काल त्यांच्याकडं जाऊन आलो, आता डबल लेप दिलाय. तिच्या वाऱ्याला उभी राहू नगंस."

"काकू, तो लेप लावू नका. डॉक्टरकडे चला. त्या डबीत काय आहे ते तरी—"

"डबीला हात लावायचा न्हाई!"

पोपटलाल शेठ मध्ये पडले, हात जोडून त्यांनी जमलेली माणसं पांगवली. त्या दिवसापासून दुकानाच्या पायरीवर लिंबं पडायला लागली. नेहमीची गिऱ्हाइकं दुसऱ्या मेडिकलची वाट धरायला लागली. लोकांचं काय, ते भुताला घाबरतात आणि माणसाला दगड मारतात.

बुधवारी कुंडलिक दुकानात आला. त्याला पाहून डिंपल मागच्या फळीआड थांबली.

"शेठ, नेहमीच्या दोन पेट्या द्या. गायीला लई खरूज झालीया."

शेठनी कपाटातून मलमाच्या ट्यूबच्या पेट्या काढल्या. यात त्यांना वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. माणसाचं मलम गायीला आणि गायीचं माणसाला, हा या भागातला जुना रिवाज. बैलाच्या खांद्याला लावायचं औषध गुडघ्याला चोळणारे शेतकरी तालुक्यात शेकड्यानं सापडतील. चिठ्ठी कुणी मागत नाही, चिठ्ठी कुणी आणत नाही.

डिंपल पुढं आली. "भाऊ, गायी किती तुमच्या?"

"दोन."

"आणि दर आठवड्याला दोन पेट्या? गायी मलमात डुंबतात का?"

कुंडलिकनं पेट्या उचलल्या आणि तो जवळजवळ पळालाच. डिंपलनं कपाटातली तसलीच एक ट्यूब उघडली, बोटावर घेतली, चंदन पावडर आणि गुलाबपाणी घालून कालवली. स्नेहलच्या डबीतला तोच रंग, तोच वास. ते स्टेरॉइडचं मलम होतं.

"पप्पा, हे आपण विकलंय. स्नेहलचं तोंड आपण जाळलंय."

पोपटलाल शेठनी काऊंटरवरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "आपण दुकानदार माणसं, बेटा. गावाशी वाकडं घेऊन कुठं जाणार? यापुढं त्याला द्यायचं नाही, झालं."

"तो दुसरीकडून घेईल. आणि स्नेहल आज रात्री डबल लावेल."

शेठ पुन्हा बिलं लिहायला लागले. डिंपलला त्या क्षणी वडिलांची लाज वाटली आणि लाज वाटल्याचं वाईटही वाटलं. ती उठून सरळ पॅकिंग शेडवर लंकाबाईकडे गेली. लंकाबाई तिथली मुकादम, साठीला आलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. डिंपलनं तिला लेपाचं सांगितलं आणि मग कागदाचं.

"कसला कागद?" लंकाबाईनं विचारलं.

"पातळ, पांढरा. तेल लागलं की आरपार दिसणारा."

लंकाबाई उठली, कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून एक कागद ओढून तिनं डिंपलपुढं धरला. द्राक्षाच्या पेटीत अंथरायचा कागद. "असा का?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, रोज हज्जार कागद हाताळत्यात या भवान्या! तेलाचं डोकं घेऊन आली की कागदाला असाच डाग पडतो, म्हनून मी रोज एकीला तरी घरी पाठवती. आन् तिथं लाल फडक्यातनं निघाला तर वळखला न्हाई?"

गुरुवारी दोघी माईच्या शेडमध्ये गेल्या तेव्हा स्नेहल माईच्या पुढ्यात बसली होती, ओढणीत तोंड झाकून. झुंबरबाई डिंपलला पाहून अंगावर धावली. "हाकला हिला!" चार बायकांनी डिंपलचे दंड धरले. कुणीतरी तिच्या पाठीत गुद्दा घातला.

"थांबा!" लंकाबाईचा आवाज पॅकिंग शेडमध्ये तीनशे बायकांना हाकून घडलेला. माईकची गरज पडली नाही. "हात लावाल तर उद्या कामाला यायचं न्हाई एकीनंबी!"

तिनं पिशवीतून कागद काढला आणि स्वतःच्या नाकावर दाबला. आरपार डाग. मग शेजारच्या बाईच्या. डाग. मग कुंडलिकची मान धरून त्याच्या तेल चोपडलेल्या कपाळावर कागद असा दाबला, की अर्धा कागद काचेसारखा झाला. "बया बया, ह्याच्यात तर सगळं खानदान ऱ्हातंय ओलीचं!" पोरी फिसकन हसल्या. लंकाबाई दारातल्या गाडीवरून एक भजं घेऊन आली आणि तेही कागदात दाबलं. "भज्यालाबी बाधा झालीया, माई. उतरा!"

आता पोरींनीच कागद ओढून घेतले. एकमेकींच्या नाकाला, कपाळाला लावून उजेडाला धरायला लागल्या. प्रत्येकीची ओली निघाली. माईनं माईकवर शाप द्यायला सुरुवात केली. कुणाचं वाटोळं होणार, कुणाची कूस बंद होणार, याची यादी लांबतच गेली.

पण झुंबरबाई मागं हटली नाही. तिचा प्रश्न खरा होता. "कागदाचं सोडा. माझी पोर उजळली व्हती, आख्ख्या गावानं बघितली. त्ये काय भजं व्हतं का?"

याचं उत्तर डिंपल देणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "ते मी सांगतो." पोपटलाल शेठ गर्दीतून वाट काढत येत होते. दुकान बंद करून आले होते. हातात मलमाची ट्यूब होती.

त्यांनी ट्यूब तळहातावर पिळली, चंदन पावडर घातली, कालवलं आणि हात झुंबरबाईपुढं धरला. "वास घ्या. तोच आहे का?"

झुंबरबाईनं वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"हे खाजेचं आणि सुजेचं औषध आहे. डॉक्टर सांगेल तिथं, सांगेल तेवढेच दिवस लावायचं. यानं सूज बसते, लाली जाते, म्हणून चेहरा आठवड्यात गोरा दिसतो. पण आत कातडी पातळ होत जाते. लावायचं थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं. मग माणसाला वाटतं लेप चुकला म्हणून झालं आणि तो पुन्हा डबीकडे धावतो. हिची विद्या एवढीच." त्यांनी कुंडलिककडे बोट दाखवलं. "गायीसाठी म्हणून हा माणूस न्यायचा आणि मी द्यायचो. एकदाही विचारलं नाही. झुंबरबाई, तुमच्या पोरीचं तोंड माझ्या कपाटातल्या औषधानं गेलं. मला काय बोलायचं ते बोला. पण तिच्या तोंडाला आता ते लावू नका."

स्नेहलनं ओढणी सोडली. तिचा चेहरा पहिल्यांदाच सगळ्यांनी नीट पाहिला. मग मागच्या रांगेतल्या एका पोरीनं आपलाही पदर खाली घेतला. मग आणखी दोघींनी. प्रत्येकीला आतापर्यंत वाटत होतं, आपल्या एकटीच्याच बहिणी खवळल्यात.

कुंडलिक पळताना सापडला. माई कागद आणि डब्या तिथंच टाकून जिपेत बसून निघून गेली. पोलिसांनी विचारलं, तक्रार कोण देणार? गावचे पुढारी घसा खाकरत राहिले. अर्जावर पहिली सही स्नेहलनं केली आणि दुसरी पोपटलाल शेठनी.

मंचरच्या डॉक्टरनं स्नेहलला सांगितलं की, चेहरा पूर्ववत व्हायला सहा महिने तरी लागतील, कदाचित जास्त, आणि तोपर्यंत डॉक्टरनं दिल्याशिवाय तोंडाला काहीही लावायचं नाही. लग्न होतं दीड महिन्यावर. झुंबरबाई नवऱ्या मुलाच्या घरी जाऊन सगळं खरं सांगून आली. मुलाचा बाप कुरकुरला, मुलानं काही कुरकुर केली नाही.

हळदीच्या दिवशी मांडवात सुवासिनी वाट्या घेऊन उभ्या राहिल्या. स्नेहलचा चेहरा अजून लाल होता. एका म्हातारीनं हळदीनं माखलेला हात तिच्या गालाकडे नेला, तशी झुंबरबाईनं तिचा हात मनगटाशी धरला.

"हाताला लावा, पायाला लावा. तोंडाला न्हाई."

"अगं, नवरीच्या तोंडाला हळद न्हाई? अपशकून व्हतो!"

"व्हऊ द्या," झुंबरबाई म्हणाली. "शकुनापायी पोरीचं तोंड एकदा जाळून घेतलंय मी. आता आधी इचारनार, त्यात काय हाय. मंग लावनार."

म्हातारी पुटपुटत बाजूला झाली. तिच्या मागं उभ्या असलेल्या बायकांनी मात्र हळद स्नेहलच्या हातांना लावली आणि पुढं सरकल्या. वाचणाऱ्या प्रत्येकानं झुंबरबाईसारखं एवढंच करावं. तोंडाला लावायचं असो की पोटात घ्यायचं, देणारा कितीही मोठा असो, त्याला विचारावं की यात काय आहे. जो सांगत नाही, त्याच्या दारातून उठून यावं.